घाम चढणीचा, गारठा उताराचा
(मनालीहून लेहला सायकलने जाताना काय घालावं, काय घालू नये)

दरवर्षी जून उजाडला की पुण्या-मुंबईकडची, नाशिक-नागपूरकडची काही मंडळी सायकली खोक्यात बांधून मनालीच्या वाटेला लागतात. त्यांत कॉलेजातली पोरं असतात, तशी निवृत्तीला टेकलेली माणसंही असतात. घरातलं कुणी मनालीहून लेहला सायकल मारत जाणार म्हटलं की बाकीच्यांना पहिली काळजी थंडीची. माळ्यावरचा जाड स्वेटर खाली येतो, शेजारून कानटोपी मागून आणली जाते, ‘असू दे, लागेल’ म्हणत एक शालही पिशवीत कोंबली जाते. एवढं सगळं नेऊनही माणूस कुडकुडतो तो कुडकुडतोच. कारण या रस्त्यावरची थंडी निम्मी आभाळातून येते आणि निम्मी आपल्याच घामातून! म्हणून कपडे किती न्यायचे याच्याइतकंच ते कुठे काढायचे आणि कुठे चढवायचे, हे कळायला हवं.

जुन्या वाटेने मनाली ते लेह हे अंतर सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. मनाली समुद्रसपाटीपासून २,०५० मीटरवर. तिथून ३,९७८ मीटरचा रोहतांग चढायचा. मग सुमारे ४,९०० मीटरचा बारालाचा ला, त्यापुढे नकी ला, पाच हजार मीटर ओलांडणारा लाचुंग ला आणि शेवटी ५,३२८ मीटरचा टागलांग ला. ‘ला’ म्हणजे खिंड. अशा पाच खिंडी पार केल्या की उपशीला सिंधू नदी भेटते आणि तिच्या सोबतीने साडेतीन हजार मीटरवरचं लेह गाठता येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा सुरू झाला. तेव्हापासून लेहकडे जाणारी बहुतेक वाहनं डोंगराच्या पोटातून जातात. हौशी सायकलस्वार मात्र अजूनही रोहतांगचा घाट चढूनच जायचं म्हणतात. साधारण आठ-दहा दिवसांचा हा प्रवास.

चढताना काढा, उतरताना घाला

प्रत्येक खिंडीची तऱ्हा तीच. सकाळी चढ सुरू होतो. ताशी पाच-सहा किलोमीटरच्या गतीने, धापा टाकत, तासन्‌तास पॅडल मारायचं. ऊन कडक, हवा विरळ. टागलांग लाच्या माथ्यावर हवेचा दाब आपल्या किनारपट्टीवरच्या दाबाच्या जेमतेम निम्मा असतो. शरीर भट्टीसारखं तापतं, पाठीवरून घामाच्या धारा लागतात. माथा येतो. फोटो निघतात, रंगीत पताकांखाली दहा मिनिटं बसणं होतं आणि उतार सुरू होतो. आता पाय थांबलेले, भट्टी विझलेली आणि सायकल मात्र ताशी चाळीसच्या वेगाने खाली निघालेली.

इथेच फसगत होते. हवेचं तापमान ५ अंश असेल आणि समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या कातडीला ते उणे १ अंशासारखं लागतं. अंगावरचा कपडा घामाने ओला असेल तर हाल विचारूच नका. टागलांग लावरून रुमत्सेपर्यंतचा उतार तीसेक किलोमीटरचा आहे. पहिल्या दहा मिनिटांतच दात वाजायला लागतात.

म्हणून जाणते सायकलस्वार एक नियम पाळतात. चढ सुरू होण्याआधीच एक कपडा काढून ठेवायचा. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. ती अर्ध्या तासात आपोआप जाते. माथ्यावर पोहोचलं की फोटोआधी ओला शर्ट बदलायचा, वर विंडचीटर चढवायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची आणि मग हवे तेवढे फोटो काढायचे.

सुती बनियन घरी ठेवा

आपल्याकडे सुती कपड्याचं मोठं कौतुक आणि ते खरंही आहे. दापोली-गुहागरच्या रस्त्यावर उन्हात सायकल चालवताना सुती सदरा घाम पितो, वाऱ्याने गार होतो आणि जिवाला बरं वाटतं. पण जो गुण कोकणात सुख देतो, तोच लाहौल-लडाखमध्ये जिवावर उठतो. सुती कापड घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही आणि अंगाला चिकटून राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने शरीराची ऊब ओढून नेतं. ओलं बनियन घालून घाट उतरणं म्हणजे छातीला बर्फाची पट्टी बांधून घेण्यासारखं आहे.

अंगालगतचा कपडा पॉलिएस्टरचा किंवा पातळ लोकरीचा असावा. खेळाच्या दुकानात मिळणारी फुटबॉलची जर्सीही चालते. ती घाम धरून ठेवत नाही, पिळली की तासाभरात वाळते. त्यावर एक हलका लोकरी किंवा फ्लीसचा स्वेटर आणि सगळ्यांत वर वारा अडवणारं विंडचीटर. असे तीन पातळ थर एका जाडजूड जॅकेटपेक्षा बरे, कारण ते एकेक करून काढता-घालता येतात. जीन तर मुळीच नको. वजनाला जड, भिजली की आणखी जड आणि तिच्या जाड शिवणी मांड्या सोलून काढतात.

मग तो माळ्यावरचा स्वेटर? तो जरूर न्या, पण रात्रीसाठी. सरचू, पांग इथे तंबूत मुक्काम करायचा तर अंधार पडताच गारठा हाडात शिरतो. तेव्हासाठी एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचा. स्वेटर, पायजमा, मोजे, कानटोपी. दिवसा कितीही थंडी वाजली तरी हा जोड घालून सायकल चालवायची नाही. तो एकदा भिजला की रात्र वैऱ्याची!

विंडचीटर विसरलंच तर त्यावरही जुना उतारा आहे. फ्रान्समधल्या ‘तूर द फ्रान्स’ या प्रसिद्ध शर्यतीतले सायकलपटू घाटमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत, जर्सीच्या आत छातीशी खुपसत आणि मगच उतार घेत. कागदातून वारा शिरत नाही. साप्ताहिकही चालेल, फक्त आधी वाचून घ्या.

बसायची जागा

हा विषय घरात कुणी काढत नाही. म्हणून इथे काढायला हवा. सायकलच्या सीटवर रोज सहा-सात तास बसायचं तर आत मऊ गादी शिवलेली सायकलिंगची चड्डी हवी. पूर्वी या गादीच्या जागी खरं मऊ कातडं असे, आता कृत्रिम कापड असतं. ही चड्डी थेट अंगावर घालायची, आत दुसरी चड्डी घालायची नाही. आपली भिडस्त मंडळी नेमकी इथे चुकतात. आतल्या चड्डीच्या शिवणी घासतात, घाम साचतो, पुरळ उठतं आणि तिसऱ्या दिवशी सीटवर टेकणं मुश्कील होतं. अशा दोन तरी चड्ड्या असाव्यात. एक अंगावर, दुसरी धुऊन सामानावर वाळत टाकलेली. घट्ट कपड्याचा संकोच वाटत असेल तर वरून सैल हाफपँट घाला.

स्त्रियांनी ओढणी मागे ठेवावी. चाकात गुंतलेल्या ओढणीने केलेले अपघात आपल्या शहरांनाही नवे नाहीत. उतारावर तर विचारायलाच नको. मफलरची लोंबती टोकं, बुटांच्या लांब नाड्या, जॅकेटची दोरी यांनाही हेच लागू. उजव्या पायाची विजार चेनमध्ये अडकू नये म्हणून आपले आजोबा पायजम्याला क्लिप लावत. ती युक्ती आजही तितकीच कामाची. मात्र एक लांब, सैल कुडता पिशवीत हाताशी असू द्या. पांगच्या पुढे मोरेचं पठार लागतं. चाळीसेक किलोमीटर सपाट, ना झाड ना झुडूप. तिथे देहधर्मासाठी थांबायचं तर आडोसा म्हणून तो कुडताच उपयोगी पडतो.

बोटं, कान, डोळे

लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरावे लागतात. बोटं बधिर झाली की ब्रेक लागत नाही आणि एका बाजूला शेकडो फूट खोल दरी असते. म्हणून हातमोजे हा केवळ उबेचा प्रश्न राहत नाही. चढाला बोटं उघडी असलेले मोजे, उताराला पूर्ण बोटांचे. लोकरी मोज्यांवर भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवले तर वारा आणि पाऊस दोन्ही अडतात. दिसायला गमतीदार, पण बोटं शाबूत राहतात.

लोकरीचे पायमोजे घरून न्यायचं विसरलात तरी हरकत नाही. लाहौलच्या बायका विणतात त्या रंगीबेरंगी नक्षीच्या मोज्यांना आणि हातमोज्यांना २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. मनालीच्या बाजारात ते सहज सापडतात.

डोक्याला हेल्मेट हवंच. त्याच्याखाली कान झाकणारी पातळ टोपी घाला. जाड माकडटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, ती तंबूसाठी ठेवा. दर हजार मीटरला सूर्याचे अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी तीव्र होतात. त्यामुळे गार वाऱ्यात कळतही नाही आणि संध्याकाळी नाकाची साल निघालेली असते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाका-मानेवर क्रीम आणि दोन्ही बाजूंनी डोळे झाकणारा गॉगल, एवढं पाळा. दुपारनंतर पठारावर वारा सुटतो तेव्हा गॉगल धुळीलाही उपयोगी. नाक-तोंड झाकायला गळ्यात घट्ट बसणारा पातळ पट्टा असावा.

रंगही विचार करून निवडा. खाकी, करडा, मातकट रंग नको. इथले डोंगरच त्या रंगाचे आहेत. मागून लष्कराच्या ट्रकांचा ताफा येत असतो, धूळ उडत असते. त्यात भडक पिवळा किंवा नारिंगी कपडाच चालकाला दिसतो.

नाले, ढाबे आणि गाटाची वळणं

बर्फ वितळून आलेले नाले काही ठिकाणी रस्त्यावरूनच वाहतात. दुपारी उन्हाने पाणी वाढतं, म्हणून ते सकाळी ओलांडायचे. बूट-मोजे काढून पट्ट्याचे सँडल घाला आणि पलीकडे पाय पुसून पुन्हा कोरडे मोजे चढवा. आपला पंचा यासाठी फार सोयीचा; पटकन वाळतो, जागा खात नाही. प्लास्टिकचा घोळदार रेनकोट मात्र नको. तो वाऱ्याने शिडासारखा फुगतो आणि आतून घामाने भिजवतो.

सरचूच्या पुढे गाटाची एकवीस वळणं लागतात. तिथे एका कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्यांचा ढीग दिसतो. बंद पडलेल्या ट्रकपाशी थांबलेला एक क्लीनर थंडीने आणि तहानेने तिथे मेला, अशी आख्यायिका आहे. येणारेजाणारे त्याच्या नावाने पाणी ठेवतात. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला इशारा खरा आहे.

सोबत्याची थरथर थांबेना, बोलताना जीभ अडखळू लागली, जॅकेटची चेन लावणं जमेना, तर पुढे जाऊ नका. पहिल्या तंबूत शिरा, ओले कपडे आधी उतरवा, कोरडे घाला, रजईत गुंडाळा आणि शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा द्या. ओल्यावर ब्लँकेट पांघरून काही होत नाही. डोकं ठणकत असेल, उलट्या होत असतील, तर मात्र तो उंचीचा त्रास. त्याला कपडा उपाय नाही. खाली उतरणं हाच उपाय.

गोंपाच्या दारात

रुमत्से, ग्या अशी गावं लागली की लडाखी माणसं ‘जुले’ म्हणत हात हलवतात. म्हाताऱ्यांच्या अंगावर गोंचा असतो. जाड लोकरीचा, पायघोळ, कमरेला पट्टा घट्ट आवळलेला. आपण दुकानातून विकत घेतो तेच शहाणपण त्यात आहे. लोकर ऊब धरते, पट्टा वारा अडवतो. अशा गावात घट्ट चड्डीवर हिंडू नये. गोंपात जाताना तर गुडघे आणि खांदे झाकलेच पाहिजेत. एक पातळ सैल विजार वरच ठेवा, दारात चढवायला अर्धा मिनिट लागतो.

एवढं सामान जमवलं की ते घेऊन थेट मनालीची गाडी पकडू नका. आधी एखाद्या रविवारी याच कपड्यांत, याच चड्डीत, याच मोज्यांत सिंहगडाचा रस्ता किंवा कसाऱ्याचा घाट चढून उतरून या. पाऊस असेल तर फारच उत्तम. जो कपडा तिथे तीस किलोमीटरला टोचतो, तो पुढे तिसऱ्या दिवशी रक्त काढतो. घराजवळ टोचला तर संध्याकाळी बदलता येतो. सरचूला शिंपीही नाही आणि दुकानही नाही.