भोपाळला उतर

ती. आत्यास,


इंदूर, देवास, आष्टा, सिहोर करत काल रात्री गाडीने भोपाळला पोचलो. उद्या सकाळी विदिशेकडे निघायचं. मधला एकच दिवस या राजधानीच्या वाट्याला आला आणि तो फार कमी पडला. दिल्लीला जाता-येता तू हे गाव आजवर रेल्वेच्या खिडकीतूनच पाहिलंस. पुढच्या खेपेला इथे उतर, एवढं सांगायला हे पत्र.

आपल्याला भोपाळ ठाऊक ते बाजीरावांमुळे. १७३७ च्या डिसेंबरात त्यांनी निजामाला इथे कोंडलं आणि जानेवारीतल्या तहात माळवा पदरात पाडून घेतला. आपल्या शाळेतला इतिहास तिथूनच मागे फिरतो. पुढे १८१९ ते १९२६, मधली थोडी वर्षं सोडली तर, चार बेगमांनी इथला कारभार पाहिला. नवरा गेला तेव्हा कुदसिया बेगम अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यांनी पडदा बाजूला सारून राज्याची सूत्रं हाती घेतली. तळ्याकाठचा गौहर महाल त्यांनीच बांधला. त्यांची पणती सुलतान जहाँ अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. हे सगळं वाचून ताज-उल-मसाजिद या मशिदीच्या अंगणात उभं राहावं. या चौघींतल्याच शाहजहाँ बेगमांनी सुरू केलेलं तिचं काम रखडत रखडत १९८५ मध्ये पुरं झालं.

भारत भवन तुला फार आवडेल. चार्ल्स कोरियांची ही वास्तू १९८२ ची. रस्त्यावरून इमारत अशी दिसतच नाही. आत शिरलं की पायऱ्या खाली उतरत जातात, दालनं टेकडीच्या पोटात दडलेली, आणि एका वळणावर समोर मोठा तलाव. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी इथे आदिवासी कलावंतांची चित्रं शहरी चित्रकारांच्या बरोबरीने लावली. पाटनगढचे गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम इथूनच जगापुढे आले.

दुपारनंतर युनियन कार्बाइडच्या कारखान्याकडे गेलो. हॉटेलवाल्याने दिलेल्या यादीत ती जागा नव्हती. कारखान्यासमोर रस्त्यालगत रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने १९८५ मध्ये घडवलेला पुतळा आहे. एक बाई, छातीशी तान्हं मूल, दुसरा हात स्वतःच्या चेहऱ्यावर. मागून आणखी एक पोर तिच्या वस्त्राला धरून आहे. पलीकडे भिंत आणि भिंतीमागे गंजलेले सांगाडे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री इथल्या टाकीत पाणी शिरलं आणि विषारी वायू बाहेर पडला. ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. आत्या, मला राग येतो तो याचा. पाच लाखांवर माणसं बाधित झाली आणि आवारातला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला २०२५ साल उजाडलं. अशी जागा 'बघण्यासारखी' नाही म्हणून टाळायची, हे मला पटत नाही. सांची बघायला येतो त्याच श्रद्धेने इथेही यायला हवं.

तुझी गाडी थांबते ते स्टेशन तिथून जवळच आहे. त्या रात्री उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी वरच्यांच्या हुकुमाची वाट न पाहता माणसांनी भरलेली गाडी वेळेआधी सोडून दिली. स्वतः मात्र फलाटावरच राहिले, गुदमरलेल्यांना मदत करत. विषारी वायूने बिघडलेली प्रकृती त्यांना अखेरपर्यंत भोवली. माझं ऐकशील तर स्टेशनवर उतरल्यावर लगेच रिक्षा शोधू नकोस, फलाटावर जरा थांब.

थंडीत ये. सोमवारी भारत भवन आणि इथलं जनजातीय संग्रहालय दोन्ही बंद असतात, तेव्हा मंगळवार-बुधवार धरून तिकीट काढ. जुन्या शहरात मीठ घातलेला सुलेमानी चहा मिळतो, तो नक्की घे. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
बाळू