अर्ध्या सत्रातली शिदोरी

आमच्या विद्यार्थिदशेत वर्षभराच्या अभ्यासाचा हिशेब उन्हाळ्यात एकदाच द्यावा लागे. निकाल हाती येई तेव्हा चूक सुधारण्याची वेळ टळून गेलेली असे. आजच्या सत्रपद्धतीविषयी पालकांच्या तक्रारी पुष्कळ आहेत. तरीही सत्राच्या मध्यावर होणारी अंतर्गत चाचणी आम्हांला मोलाची वाटते, कारण ती वेळ हाती असतानाच सावध करते.

जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूर हे गाव आहे. तेथील एक कापूस उत्पादकाचा मुलगा आमच्या परिचयाचा. विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षासाठी तो रोज सुमारे ४० किलोमीटरचा प्रवास एस.टी.ने करून जळगाव गाठतो. दहावीपर्यंत त्याचे शिक्षण मराठीतून झाले. पुढची दोन वर्षे इंग्रजी उत्तरे पाठ करून त्याने निभावून नेली. महाविद्यालयातील पहिल्या चाचणीत मात्र वनस्पतिशास्त्रात २० पैकी ६ गुण पडले. ते त्याने घरी सांगितले नव्हते.

"फादर, आता शिक्षण पुरे," तो आम्हांला म्हणाला. "वेचणीला माणसं मिळत नाहीत. घरी राहिलो तर वडिलांना मदत तरी होईल."

प्रश्नपत्रिकेत काय होते, असे आम्ही विचारले. परासरणावर मोठा प्रश्न होता. त्याने पाठ केलेली व्याख्या इंग्रजीत म्हणून दाखवली आणि अर्ध्यावरच तो अडखळला. "आता तेच आईला सांगायचे असेल तर कसे सांगशील?" असे आम्ही विचारले. क्षणभर थांबून तो म्हणाला, "लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसंच. आत पाणी जास्त, बाहेर मीठ जास्त. मग पेशीच्या पातळ पडद्यातून पाणी बाहेर ओढलं जातं."

विषय त्याला समजलेला होता. तो कागदावर उतरवण्याची वाट तेवढी सापडलेली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यांत त्याने स्वतःला काही सवयी लावून घेतल्या. धडा आधी मराठीत समजून घ्यायचा, मगच इंग्रजी संज्ञा लिहायच्या. वर्गात न कळलेले त्याच दिवशी प्राध्यापकांना विचारायचे, हसणारे हसोत. टिपणे रोजच्या रोज पुरी करायची. ही शेवटची गोष्ट त्याला शेतानेच शिकवली होती. कापसाची बोंडे एकाच दिवशी फुटत नाहीत, म्हणून वेचणी दोनतीनदा करावी लागते. फुटलेला कापूस झाडावर तसाच राहू दिला तर एखादा अवकाळी पाऊस त्याची माती करतो.

सर्वांत अवघड धडा घरी सत्य सांगण्याचा होता. वडिलांनी गुण ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "वेचणीचं आम्ही पाहू. तू गाडी चुकवू नको."

ज्या विद्यापीठाची पदवी त्याला मिळवायची आहे, ते १९९० साली स्थापन झाले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करते. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेल्या ओव्या पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. घरच्या बोलीतले शहाणपण कागदावर आणणारा हात लाभला की केवढे घडते, याची साक्ष त्या विद्यापीठाच्या नावातच आहे.

सत्राची परीक्षा अजून व्हायची आहे. तिचा निकाल काय लागेल, ते आम्ही सांगू शकत नाही. परंतु हा मुलगा पहाटेच्या गाडीला पुन्हा उभा राहू लागला आहे, हे आम्हांला लहान वाटत नाही. वाचक पालकहो, आपली मुलेही सध्या अशाच अर्ध्या वाटेवर असतील. सुटीत ती घरी आली की गुण विचारण्याची घाई करू नका. आधी त्यांना जवळ बसवून म्हणा, "यंदा काय शिकलास, ते आपल्या भाषेत सांग पाहू."