शोधायला बसण्याआधी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या टेबलाशी बसणाऱ्या माणसाला एक वाक्य सारखं ऐकू येतं: "मॅडम, माझ्या विषयावर काहीच सापडत नाही." या वाक्यावर माझा सहसा विश्वास बसत नाही. लेख बहुतेक वेळा असतो. विचारणाऱ्याचे शब्द आणि लिहिणाऱ्याचे शब्द यांची गाठ पडलेली नसते, एवढंच. ती गाठ घालून देणं हे माझं काम, आणि इतकी वर्षं करूनही ते मला मनापासून आवडतं.

डेटाबेसला प्रश्न कळत नाही, अक्षरं कळतात. वैद्यकशास्त्रातल्या मंडळींनी हे दुखणं फार लवकर ओळखलं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९६० साली 'मेश' नावाची विषयसंज्ञांची यादी आणली. एकाच आजाराला पाच लेखकांनी पाच नावं दिली, तरी पाचही लेखांवर एकच ठरलेली संज्ञा लावायची, अशी ती व्यवस्था. पबमेडमध्ये शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या मागे ही सगळी मेहनत उभी असते. बहुतेकांना तिचा पत्ताही नसतो. इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र यांच्या वाट्याला हे सुख कमी. जेस्टोर १९९५ साली सुरू झालं, ते मेलन फाउंडेशनच्या विल्यम बोवेन यांच्या कल्पनेतून आणि मुळात ग्रंथालयांच्या फडताळांवरची जागा वाचावी म्हणून. जुन्या नियतकालिकांची पानं स्कॅन झाली. प्रत्येक पानाच्या चित्रामागे यंत्रानं वाचलेला मजकूर असतो आणि आपण जे शोधतो ते त्या मजकुरात. 'मेश'सारखी ठरलेली संज्ञा तिथं आपल्या मदतीला येत नाही. लेखकानं पन्नास वर्षांपूर्वी जो शब्द लिहिला, तोच आपल्याला सुचावा लागतो.

एक विद्यार्थिनी आली होती, बीडकडची. मराठी माध्यमातून शिकलेली, हुशार, थोडी बुजलेली. विषय होता १९७२च्या दुष्काळात सरकारी कामांवर गेलेल्या स्त्रियांचा. तिनं जेस्टोरच्या चौकटीत दुष्काळ, महाराष्ट्र, स्त्रिया आणि १९७२ यांचे इंग्रजी शब्द ओळीनं टाकले होते. हवामानबदल, शेतकऱ्यांच्या आत्महत्या, पाण्याचं राजकारण अशा अलीकडच्या लेखांची लांबलचक यादी तिच्यापुढे आली होती आणि ती पानामागून पान खाली सरकवत होती. मी संगणकाचा पडदा बाजूला वळवला आणि कोरा कागद घेतला.

"तुझ्या घरातलं कुणी गेलं होतं का गं दुष्काळी कामावर?"

"आजी गेली होती. खडी फोडायला."

मग ती बोलायला लागली. पाझर तलाव, नालाबंडिंग, हजेरीपट, मुकादम, आठवड्याचा पगार, मुलांना मिळणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. आजीकडून ऐकलेलं सगळं तिला तोंडपाठ होतं. मी कागदाच्या डाव्या बाजूला तिचे शब्द लिहीत गेले आणि उजवीकडे, त्या काळी इंग्रजीत लिहिणाऱ्या अर्थतज्ज्ञानं किंवा सरकारी अधिकाऱ्यानं काय लिहिलं असेल ते. दुष्काळी कामाला 'रिलीफ वर्क'. खडी फोडण्याला 'मेटल ब्रेकिंग'. पाझर तलावाला 'पर्कोलेशन टँक'. हजेरीपटाला 'मस्टर रोल'. 'मेटल ब्रेकिंग' बघून ती चमकली. खडीला रस्तेबांधणीच्या इंग्रजीत 'मेटल' म्हणतात, हे शब्दकोश उघडून सुचलं नसतं. ज्यानं बांधकाम खात्याची कागदपत्रं चाळली आहेत, त्यालाच ते ठाऊक असतं.

दुष्काळासाठी तर तीन शब्द लिहावे लागले: 'ड्राउट', 'फॅमिन' आणि 'स्कर्सिटी'. तिसरा शब्द बहुतेक विद्यार्थ्यांना सुचत नाही, आणि नेमक्या त्याच शब्दाखाली सरकारी नोंदी असतात. त्यालाही कारण आहे. महाराष्ट्रानं १९६३ साली कायदाच करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी 'स्कर्सिटी' घातला. त्यामुळे १९७२ साली जे घडलं ते सरकारदरबारी टंचाई म्हणूनच नोंदलं गेलं. सरकारी आकडे वापरून लिहिणाऱ्या अभ्यासकांच्या लेखांतही तोच शब्द उतरला. एवढी एक गोष्ट माहीत असली, की शोधाचं सगळं चित्र पालटतं.

पुढचं काम तसं यांत्रिक. समानार्थी शब्दांच्या मध्ये 'ऑर' घालून ते कंसात बांधायचे, वेगवेगळे मुद्दे 'अँड'नं जोडायचे, जोडशब्द अवतरणचिन्हांत ठेवायचे. 'लेबर' या शब्दात ब्रिटिश वळणानं लिहिणारे 'यू' घालतात, अमेरिकी घालत नाहीत, म्हणून दोन्ही रूपं द्यायची. पुण्याचं 'पूना', मुंबईचं 'बॉम्बे' विसरायचं नाही. 'नॉट' मात्र मी सहसा वापरू देत नाही; नको असलेला एक शब्द वगळायला जावं, तर त्याच्यासोबत हवा असलेला लेखही निघून जातो. ही 'अँड-ऑर'ची भाषा जॉर्ज बूल या गणितज्ञाच्या १८५४ सालच्या ग्रंथातून आली. त्याची पत्नी मेरी ही भारताचे सर्व्हेअर जनरल राहिलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते, कारण कंस आणि 'ऑर' बघून दचकलेली मुलं ती ऐकून जरा सैलावतात.

यादी आली, की मी क्रम बदलायला सांगते. 'रेलेव्हन्स' म्हणजे यंत्राच्या मते काय महत्त्वाचं, याचा अंदाज. तो बरेचदा चांगला असतो, पण तो यंत्राचा असतो. मी सर्वांत जुना लेख आधी लावते. एखाद्या विषयावरची चर्चा कुठून सुरू झाली, पहिल्यांदा कुणी काय म्हटलं, कोणत्या वर्षी अचानक लेख वाढले, हे सगळं त्या क्रमात डोळ्यांपुढे येतं. त्या दिवशी आम्हाला 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या १७ फेब्रुवारी १९७३च्या अंकातला वुल्फ लाडेजिन्स्की यांचा लेख भेटला. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या जमीनसुधारणेत महत्त्वाचा वाटा असलेला हा माणूस दुष्काळ चालू असताना महाराष्ट्रात हिंडला होता. शंभर वर्षांत असं झालं नाही, अशा अर्थाचे शब्द त्यानं लेखाच्या शीर्षकातच घातले आहेत. ती विद्यार्थिनी तो लेख वाचायला बसली ती जेवायची सुटी होईपर्यंत उठली नाही.

दुसरा लेख मिळाला त्याची गंमत वेगळी. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांचा, त्याच साप्ताहिकातला, १९८० सालचा. रोजगार हमी योजना आणि कामाच्या बदल्यात धान्य, असं त्याचं शीर्षक. त्यात ना दुष्काळ आहे, ना स्त्री, ना १९७२. पण १९७२च्या कामांतला अनुभवच रोजगार हमीच्या रूपानं पुढे चालू राहिला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हा दुष्काळी कामांवरच्या मजुरांचा माग काढायचा तर रोजगार हमीच्या वाटेनं जावंच लागतं. आम्ही कुमुदिनीबाईंचं नाव धरून पुढे गेलो. रोजगार हमीतून स्त्रियांना मिळणाऱ्या कामाच्या संधीवर त्यांनी लिहिलेली पुस्तिका गोखले अर्थशास्त्र संस्थेनं १९८३ साली काढली होती. विषयाचे शब्द टाकून जे हाती येत नव्हतं, ते माणसाचं नाव धरून आलं. अनोळखी गावात घर शोधताना आपणही घरनंबर विचारत नाही, कुणाच्या शेजारी ते विचारतो.

तळटिपांवर माझा सर्वांत जास्त भरवसा आहे, आणि तो मी लपवत नाही. ज्याँ द्रेझ यांनी भारतातल्या दुष्काळ-निवारणावर लिहिलेला दीर्घ निबंध १९९० साली एका संपादित ग्रंथात आला. त्यात महाराष्ट्राच्या १९७० ते ७३ या वर्षांचा तपशिलात अभ्यास आहे. त्याच्या संदर्भयादीत लाडेजिन्स्कीही आहेत आणि व्ही. सुब्रमणियन यांचं १९७५चं पुस्तकही. कुणा जाणत्या अभ्यासकानं वर्षानुवर्षं वाचून, निवडून, पारखून ती यादी केलेली असते. ती सोडून पुन्हा रिकाम्या चौकटीपुढे बसायचं कशाला?

हा झाला मागे जाण्याचा मार्ग. पुढे जाण्याचा मार्ग युजीन गारफिल्ड यांनी मोकळा केला. एखाद्या लेखाचा उल्लेख नंतर कुणीकुणी केला, याची सूची करावी, हा विचार त्यांनी १९५५ साली 'सायन्स'मध्ये मांडला आणि १९६४ साली 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या वकिलांकडे अशी सोय १८७३पासून होती, कारण जुना निकाल पुढच्या न्यायालयानं उचलून धरला की फेटाळला, हे कळल्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. आज 'सायटेड बाय' लिहिलेल्या दुव्यावर आपण बोट ठेवतो, तेव्हा हाच विचार वापरतो. मी विद्यार्थ्यांना सांगते, एक चांगला लेख मिळाला की थांबा. त्याच्या मागे कोण आहे ते बघा, मग पुढे कोण आहे ते बघा. नवे शब्द त्यानंतर टाका.

हे सगळं करायचं, तर लेख उघडायला हवा. सारांश दिसतो, लेखकाचं नाव दिसतं आणि पुढे पैसे मागणारी पाटी येते, तिथं मुलांचा धीर सुटतो. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजुरी दिली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट तिचा कारभार बघतं. मला या योजनेचा खरोखर आनंद झाला. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या संस्थांसाठी आहे, आणि आपल्याकडे गावोगावची असंख्य महाविद्यालयं खासगी शिक्षण संस्था चालवतात. तिथल्या विद्यार्थ्याच्या आणि विद्यापीठाच्या आवारातल्या विद्यार्थ्याच्या हाती एकच लेख पडावा, असं मला फार वाटतं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते: लेख उघडत नसेल तर ग्रंथपालाला विचारा. बांधीव खंड असेल, डेलनेटसारख्या जाळ्यातून प्रत मागवता येईल, लेखकानं स्वतःची प्रत कुठल्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवली असेल. शोधगंगेवर त्याच विषयाचा प्रबंध असेल, तर त्याची संदर्भसूची तरी नक्की मिळेल. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. माझ्या दिवसाचा बहुतेक भाग त्या एका नियमात जातो.

एक गोष्ट मात्र मला बोचते. त्या मुलीच्या आजीचे शब्द, सुकडी आणि मिलो, ज्या लिखाणात जसेच्या तसे सापडतील ते मराठीत आहे आणि ते या डेटाबेसांच्या कक्षेबाहेर आहे. 'माणूस', 'साधना' यांच्या १९७२-७३च्या फायली, 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', जिल्ह्याजिल्ह्यांतली दैनिकं, त्या वर्षांचे दिवाळी अंक. तिला मी इंग्रजी शब्दांच्या मदतीनं जेस्टोर उघडून दिलं. मराठी फायलींसाठी मात्र बांधीव खंड काढून दिले आणि अनुक्रमणिका एकेक करून बघायला सांगितलं. तिनं त्या बघितल्या. पण पुढच्या वर्षी याच विषयावर कुणी आलं, तर त्यालाही तीच पानं नव्यानं उलटावी लागतील.

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, ग्रंथालयांमधून हिंडून, एकेक पुस्तक हातात घेऊन. नियतकालिकांच्या सूचीचं कामही त्यांनी पुढे सहकाऱ्यांसोबत केलं. त्यांच्या हाताशी कार्डं आणि पोस्ट होतं. आज आपल्या हाताशी संगणक आहेत, ग्रंथालयशास्त्राचे विभाग आहेत, दर वर्षी प्रकल्पासाठी विषय मागणारे विद्यार्थी आहेत. एका विभागानं एक नियतकालिक घ्यावं. लेखाचं शीर्षक, लेखक, महिना, वर्ष, पृष्ठं आणि नीट वाचून लावलेल्या तीन-चार विषयसंज्ञा, एवढंच भरायचं. संज्ञा ठरवताना दुष्काळ, टंचाई, अवर्षण एकमेकांना जोडून ठेवायचे. सुरुवातीला 'समाज प्रबोधन पत्रिका' घ्यायला माझी हरकत नाही. आमच्याकडे तिचे खंड आहेत आणि वाचनकक्षातलं एक टेबल त्या कामासाठी मी राखून ठेवीन.