अपशिंगे : पलटणीचे गाव

सातारा-कराड महामार्ग सोडून नागठाणे परिसरात आत वळले की अपशिंगे येते. उसाची शेते, पारावर बसलेली वडीलधारी मंडळी, सारे चारचौघांसारखेच. मात्र लोक या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द जोडूनच त्याचा उल्लेख करतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने येथे स्मृतिस्तंभ उभारला.

व्यापारी घराण्यात पेढी चालावी, तशी येथे पलटण चालत आली आहे : आजोबा, मुलगा, नातू. शौर्याची परंपरा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण कमी बोलले जाते. वाटण्यांनी शेत आकसत गेले, की घराला रोख पैसा मनीऑर्डरनेच दिसे.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे अनेक जवान मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढले. टायग्रिस नदीकाठच्या कुत या गावी डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढा घातला. आत मराठा पलटणीही होत्या. धान्य सरत आले तेव्हा घोडे व खेचरे कापण्यास सुरुवात झाली. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस नाकारले. भाजीपाला नाही, शिधा रोज घटता. हिरड्या सुजू लागल्या, जुन्या जखमा भरेनात. अखेर हिंदुस्थानातील धर्माचार्यांची अनुज्ञा तारेने मागविण्यात आली. ती आल्यावरही कित्येकांनी पुष्कळ दिवस घास घेतला नाही. आहारसंयम पाळणाऱ्या घरांना या नकाराची किंमत निराळी सांगावी लागणार नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजारांची ती फौज शरण गेली. पुढे कैद्यांना वाळवंटातून पायी चालविण्यात आले. त्या वाटेवर व छावण्यांत हजारो दगावले.

मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या. ज्याच्या घरी चोपडीत चार आण्यांची उधारीही नावानिशी मांडली जाते, त्याला हा हिशेब खुपल्यावाचून राहणार नाही.

जे परत येतात, त्यांच्यावरील खुणा कोठेच कोरलेल्या नसतात. तोफखान्यात वर्षे काढलेल्याला मोठ्याने बोलावे लागते. बर्फातील चौकीवर राहिलेल्याची बोटे थंडीत बधिर होतात. पहाटे चारला जाग येते ती जन्मभर. मुलगा रांगू लागला तेव्हा वडील काश्मिरात, शाळेत गेला तेव्हा आसामात. सुट्टीवर आलेला हा अनोळखी माणूस कोण, म्हणून पोर आईच्या पदराआड लपते. घरचे दुखणेखुपणे, देणेघेणे, सासूसासऱ्यांची आजारपणे आईने एकटीने निभावलेली असतात. त्या कष्टांना पदक नाही.

साध्या शिपायाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन मिळू शकते. वय तेव्हा जेमतेम पस्तीस-चाळीस. मुलांची शिक्षणे अजून व्हायची असतात. मग दुसरी नोकरी शोधणे आलेच. पुण्या-मुंबईच्या सराफी पेढ्यांच्या दारात बंदूक घेऊन उभा असलेला, ताठ मानेचा, कमी बोलणारा पहारेकरी पुष्कळदा असाच कोणी माजी जवान असतो. आतले शेठजी त्याला ‘मामा’ म्हणतात. त्याची पलटण कोणती, हे विचारले की तो क्षणात सावधान होतो आणि नाव, हुद्दा, पलटण, अशा क्रमाने उत्तर देतो.