दाब, धर, सोड

ब्रेक ऑइलचा वास रॉकेलसारखा अंगावर येत नाही. किंचित गोडसर असतो, आणि बोटांना लागला की हात दोनदा धुतले तरी जेवताना पहिल्या घासाबरोबर येतोच. आमच्या नगरच्या घरात रविवार म्हणजे हा वास, आत आईने घातलेली लसणाची फोडणी आणि लांब के. के. रेंजकडून येणारे तोफांचे दबके आवाज, ज्यांनी मांडणीतली पितळी भांडी क्षणभर थरथरायची.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपात होते. 1 जून 1948 ला पहिली एसटी आपल्या नगर-पुणे रस्त्यावर धावली, हे ते घरातलं लग्न सांगावं तसं सांगायचे. पुढे त्यांनी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, चारही चाकांना ड्रम. मोहट्याच्या देवीला जाताना करंजी घाटाच्या उतारावर ती एकदा डावीकडे ओढायला लागली, तेव्हा अण्णांनी काही न बोलता स्टिअरिंग घट्ट धरून गाडी सावकाश खाली आणली, आणि घरी आल्यावर जॅक लावला तो उजव्या चाकाला. मी म्हटलं, ओढते तर डावीकडे. ते म्हणाले, "डावं चाक त्याचं काम करतंय रे. उजवं धरत नाही, म्हणून ती तिकडं जाते."

ड्रम निघाला. आतल्या छोट्या सिलिंडरमधला पिस्टन गंजून अडकलेला; ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली की आत गंज धरतो. रबरी वॉशरला रॉकेल लागू द्यायचं नाही, फुगतात, म्हणून ते ब्रेक ऑइलमध्येच बोट बुडवून एकेक वॉशर बसवायचे, बाळाला तेल लावावं इतक्या हलक्या हाताने. एका चाकाचे लायनर बदलले की दुसऱ्याचेही बदलायचेच. मग चाक हाताने फिरवायचं आणि कान द्यायचा: खस्स... खस्स... शू ड्रमला नुसता शिवून जाईल एवढाच आवाज. उजव्याचं ऐकायचं, उठून डाव्याचं ऐकायचं, पुन्हा उजव्याकडे. दोन्हीकडे एकसारखं येईपर्यंत जेवायला हाक मारली तरी ते उठत नसत, आणि आईही दुसऱ्यांदा हाक मारत नसे.

शेवटी एअर काढायची. हे माझं काम. सीटच्या टोकाला बसून, पाय कसाबसा पेडलपर्यंत नेऊन मी वाट बघायचो; अण्णा दिसायचे नाहीत, चाकाच्या मागून फक्त आवाज यायचा. "दाब." पेडल पायाखाली दगडासारखं होई. "धर." ते निपल सैल करत, काचेच्या बाटलीतल्या ऑइलमध्ये नळीतून बुडबुडे उठत, आणि पेडल हळूहळू खाली जाई. निपल आवळल्यावरच "सोड." त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. किती दुपारी मी त्या एका शब्दाची वाट बघत, मांडी भरून येईतो, पाय दाबून बसलोय.

अण्णा गेले त्या वर्षी गाडी पत्र्याखालीच उभी राहिली. पुढच्या वर्षी बाहेर काढली, केडगावपर्यंत नेली, तर ब्रेक लावताच डावीकडे. मी उजवं चाक खोलायला बसलो. ड्रमच्या कडेची काजळी रॉकेलच्या फडक्याने पुसली तशा खाली पंचने मारलेल्या तीन बारीक टिकल्या वर आल्या. उजव्याला तीन, डाव्याला दोन. ड्रमची अदलाबदल होऊ नये म्हणून. मधली जरा तिरकी पडलीय, तिथे हातोडी निसटली असणार. मी तिच्यावरून अंगठा फिरवत बसलो. ड्रम उन्हाने तापला होता.

एअर काढायला दुसरं माणूस लागतंच. घरात आई होती. ती त्या सीटवर कधी बसलीच नव्हती. तिची जागा डावीकडची, मांडीवर डबा घेऊन. पदर खोचून ती बसली, चप्पल काढून पाय पेडलवर ठेवला. मी चाकामागे वाकलो. काय करायचं ते सांगणार, तोवर तिनं पेडल तीनदा दाबून चौथ्यांदा धरून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी वर्षं ऐकलेलं. मी निपल सैल केला; बाटलीत बुडबुडे आले, मग नुसतं पिवळसर ऑइल, आणि मी पाना आवळला.

बाटलीतलं ऑइल पार निवळलं तरी आईचा पाय तसाच होता.

"सोड, आई," मी म्हटलं.