पर्वतावरचा धूर आणि वनहक्काचा दावा

एखादे विधान मान्य करायचे की नाही, हे ठरवण्याची रीत प्रत्येक ज्ञानक्षेत्रात वेगळी असते. गणितात गृहीतकांपासून निष्कर्षापर्यंतची एकही पायरी निसटून चालत नाही आणि सांगणारा कोण आहे याला तिथे काडीचे महत्त्व नसते. न्यायालयात मात्र सांगणारा कोण, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, यावरच पुष्कळ काही अवलंबून असते. गोंदिया जिल्ह्यात सारस पक्ष्यांची गणना वेगवेगळ्या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांत एकाच वेळी केली जाते, कारण उडून गेलेला पक्षी पुन्हा मोजला गेला नाही, हे दाखवता आले नाही तर त्या आकड्याला निसर्गविज्ञानात वजन राहत नाही.

या सगळ्या रीती एकाच कागदावर समोरासमोर येतात त्या वनहक्काच्या दाव्यात. याच जिल्ह्यातील देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या जंगलपट्टीच्या तालुक्यांत 2006 च्या वनहक्क कायद्याखाली असे दावे गावोगाव झाले. वैयक्तिक दावा करणाऱ्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो आणि तो अनुसूचित जमातीचा नसेल, तर त्याच्या घराण्याचे तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्यही सिद्ध करावे लागते. ज्या वस्तीची नोंदच कुणी घेतली नव्हती तिने आपले जुनेपण कोणत्या दस्तऐवजाने दाखवावे, हा प्रश्न नियमकर्त्यांना पडला असला पाहिजे. म्हणूनच 2008 च्या नियमांत सरकारी नोंदी आणि निस्तारपत्रकांच्या, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कनोंदींच्या, जोडीला जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, जमिनीवर घातलेले बांध आणि दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी घेतलेले कथन हेही पुरावे म्हणून स्वीकारले गेले. मात्र यांपैकी एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात. आणि ही अट रास्त आहे, कारण म्हाताऱ्याने सांगितलेली बोडी, म्हणजे लहान तळे, जागेवर सापडली की स्मृती आणि माती एकमेकींना दुजोरा देतात.

एखादे विधान कशाने सिद्ध मानायचे, या प्रश्नाचा न्यायदर्शनाने, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेने, फार पूर्वी विचार केलेला आहे. पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर दिसतो, हे त्याचे प्रसिद्ध अनुमान प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशा पाच अवयवांत मांडले जाते. प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करायचे विधान, हेतू म्हणजे त्याचे कारण, उपनय म्हणजे ते कारण प्रस्तुत ठिकाणी लागू करणे आणि निगमन म्हणजे निष्कर्ष. पण या रचनेचा प्राण उदाहरणात, म्हणजे धूर आणि अग्नी एकत्र दिसणाऱ्या स्वयंपाकघराच्या दाखल्यात आहे. न्यायसूत्रांच्या मते ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी चालते तीच दृष्टांत, म्हणजे असा दाखला, ठरते. केवळ तज्ज्ञाला पटलेला दाखला इथे अपुरा मानला आहे, आणि ही अट ज्याने घातली त्याला वादाचे मर्म कळले होते असे म्हटले पाहिजे.

वनहक्काच्या दाव्यात असा दोघांना मान्य दाखला शिवारातच मिळतो. ग्रामसभेने निवडलेली वनहक्क समिती जागेवर जाऊन पाहणी करते. वन आणि महसूल खात्याचे कर्मचारी तिथे हजर असतील, तर कोणते मोहाचे झाड कुणी वेचत आले आणि बांध कुठवर होता, हे वृद्धाचे बोट आणि मोजणीची साखळी एकाच वेळी दाखवू शकतात. उपग्रहचित्राची गोष्ट निराळी आहे. ते परीक्षकाला वाचता येते, पण दाट छताखालची वेचणी, चराई किंवा पूजेची जागा त्यात उमटत नाही. नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीने असे चित्र इतर पुराव्यांना पूरक मानावे, त्यांची जागा त्याला देऊ नये, असे स्पष्ट केले, ते याच कारणाने योग्य ठरते.

त्याच दुरुस्तीने ग्रामसभेची शिफारस नाकारताना किंवा बदलताना सविस्तर कारणे देणे दाव्यांची पुढची तपासणी करणाऱ्या उपविभागीय आणि जिल्हास्तरीय समित्यांवर बंधनकारक केले. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी 60 दिवसांची मुदत असते. नकाराच्या पत्रावर नुसते ‘पुरावा अपुरा’ एवढेच लिहिलेले असेल, तर विहीर कमी पडली, वृद्धाचे कथन कमी पडले की नकाशा, हे दावेदाराला कळत नाही आणि त्या दिवसांत उत्तर नेमके कशाचे द्यायचे, हेही त्याला ठरवता येत नाही.