चेऊलकरांच्या गावी

‘‘तो डेव्हिड ख्रिश्चन होता ना गं?’’

मांडव्याची लाँच धक्क्यावरून सुटली आणि आईने एकदम विचारले. आदल्या रात्री टीव्हीवर ‘बूट पॉलिश’ लागला होता. त्यातले जॉन चाचा तिच्या मनातून अजून गेले नव्हते. तिने हा चित्रपट लहानपणी वडिलांबरोबर पाहिला होता. भीक मागायची नाही, कष्ट करून खायचे, हे त्या दोन अनाथ भावंडांना शिकवणारा टकला, बुटका, हसऱ्या डोळ्यांचा माणूस तिला आपल्या घरातलाच कुणी वाटे.

‘‘ख्रिश्चन नव्हे, बेने इस्रायली. म्हणजे आपल्याकडचे ज्यू. आणि पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर,’’ मी सांगितले.

‘‘चेऊलकर? म्हणजे आपण चाललोय त्या चौलचे?’’

खरे तर आम्ही निघालो होतो ते चौलच्या दत्ताला. पण या एका आडनावाने आमच्या सहलीची वाटच बदलली.

शनवार तेल्यांचा किनारा

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. नागाव मागे पडले की चौल लागते. जुन्या लोकांच्या तोंडी ते चेऊल. ग्रीक प्रवाशांनाही ठाऊक असलेले हे प्राचीन बंदर. इथे अरबस्तानातून घोडे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला. पुढे पोर्तुगीज आले आणि रेवदंड्याचा कोट उभा राहिला.

याच किनाऱ्यावर बेने इस्रायलींची कथा सुरू होते. त्यांची परंपरा सांगते की, फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरले. नवगावला त्यांचे स्मारक आहे. वाचलेल्यांनी कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे टाकले. शनिवार हा त्यांचा पवित्र वार, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. भाषा मराठी झाली, बायका साडी नेसू लागल्या आणि आडनावे गावांवरून पडली. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर आणि चेऊलचे चेऊलकर.

नोकरी मिळेना म्हणून

डेव्हिड यांचा जन्म मात्र चौलचा नव्हे, ठाण्याचा. साल १९०९. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी त्यांनी १९३० मध्ये घेतली. पण काळ मंदीचा होता. कित्येक वर्षे खटपट करूनही मनाजोगती नोकरी मिळाली नाही. शेवटी १९३७ च्या सुमारास ते चित्रपटात शिरले. नायकाचे रूप नव्हते, उंची नव्हती. मग काका, मामा, डॉक्टर, शेजारी अशी माणसे त्यांनी उभी केली.

१९५४ च्या ‘बूट पॉलिश’ने त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला. जॉन चाचा स्वतः दारूचा चोरटा धंदा करणारा. तरी मुलांना तो सन्मानाची वाट दाखवतो. उपदेश कडू होऊ न देणे हीच डेव्हिड यांची कला. १९६९ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पुढच्या पिढीने त्यांना पाहिले ते हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी यांच्या चित्रपटांत. १९७९ च्या ‘गोलमाल’मध्ये नोकरीसाठी वणवणणाऱ्या रामप्रसादला युक्ती सांगणारे डॉक्टर केदार तेच. ज्याला स्वतःला तरुणपणी नोकरी मिळाली नाही, त्याने हे काम करताना मनात काय आणले असेल?

त्याच वर्षीच्या ‘बातों बातों में’मध्येही ते ख्रिस्ती अंकलच होते. त्यामुळे आईची चूक तिच्या एकटीची नव्हे. पडद्यावर नाव फक्त ‘डेव्हिड’ येई. आडनावातले गाव प्रेक्षकांना कधी दिसलेच नाही.

बंद दार

चौलमध्ये रामेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही रेवदंड्याला पोहोचलो. तिथले बेथ एल सिनेगॉग शोधून काढले. दाराला कुलूप होते. जवळच सुपारी वाळत घालणाऱ्या एका आजोबांना विचारले, ‘‘काका, इथे चेऊलकरांचे घर आहे का हो?’’

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘बाई, इस्रायली आळीतली माणसं कधीच गेली. आमच्या वर्गात होती त्यांची पोरं. जाताना माझ्या आईच्या गळ्यात पडून रडल्या होत्या त्यांच्या बायका.’’

१९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर बेने इस्रायली कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. त्याआधीच पुष्कळ जण नोकऱ्यांसाठी मुंबई-ठाण्यात आले होते. सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात. कोकणातल्या गावांत आता तेवढे जमणेही कठीण. कुणी त्यांना हाकलले नाही, कुणी छळले नाही. जगभर विखुरलेल्या ज्यूंपैकी फार थोड्यांना असे म्हणता येते. तरीही घरे रिकामी झालीच. डेव्हिडही उतारवयात नातलगांकडे कॅनडाला गेले आणि टोरांटोत त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आई बराच वेळ त्या बंद दारासमोर उभी होती. माझा भाऊ अमेरिकेला गेल्याला बरीच वर्षे झाली. आमच्या आडनावालाही शेवटी ‘कर’ आहे आणि त्या गावातले आमचे घरही बंदच असते.

‘‘आडनावात गाव ठेवून जातात माणसं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘परत फिरायला वाट असावी म्हणून असेल.’’

परतीच्या लाँचमध्ये तिने भावाला फोन लावला. पहिलेच वाक्य होते, ‘‘या दिवाळीत मुलांना घेऊन गावी या. घर उघडून ठेवते.’’

कसे जाल?

मुंबईत गेटवेहून मांडव्यापर्यंत लाँच मिळते. पावसाळ्यात ती बंद असते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोटीने मोटारही नेता येते. अलिबागहून एसटी किंवा रिक्षाने नागाव, चौल आणि रेवदंडा एका दिवसात पाहून होतात. नवगाव अलिबागच्या उत्तरेला आहे, त्यासाठी वेगळा वेळ ठेवावा.